दोन दिवसांचं पाणी

साइटवर मुकादमाला नावाने कुणीच हाक मारत नसे. आवारात आणखी दोन मुकादम होते, पण नुसतं ‘मुकादम’ म्हटलं की तोच. एकोणचाळीस वर्षं या धंद्यात काढलेला माणूस. आधी माल कालवला, मग गवंड्याच्या हाताखाली राबला, मग स्वतः गवंडी झाला, आणि केस पिकायला लागले तेव्हा मुकादम. फरशीवर बोटाच्या पेराने टकटक केलं की खाली माल भरलाय की पोकळ राहिलंय ते सांगायचा, आणि उखडून बघितलं की तसंच निघायचं. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल. घाला खुशाल. तो स्वतःला मनातल्या मनात ज्या घालत होता त्यापुढे तुमच्या काहीच नाहीत.

काम होतं विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचं. चार मजले, मजल्यावर बारा खोल्या आणि टोकाला सहा बाथरूम. पाइपचं सगळं काम त्याच्या व्याह्यांकडे होतं. मुकादमाची एकुलती एक मुलगी त्यांच्या घरात दिलेली. व्याही मुरलेले प्लंबर, जावईही त्यांच्याच टोळीत. साइटवर मुकादम आणि व्याही एकमेकांना ‘व्याहीबुवा’ म्हणून हाक मारायचे आणि सगळी साइट हसायची. जेवायच्या सुट्टीत डबे एकाच फळीवर उघडायचे. व्याह्यांच्या डब्यात मुलीच्या हातचं असायचं, म्हणून मुकादम त्यांच्यातलं थोडं घ्यायचाच, आणि ‘मीठ कमी पडलंय, आईवर गेली’ असं दर दिवशी म्हणायचा.

आता या साइटवरची नवीन गोष्ट. तिथल्या इंजिनिअर मॅडम वयाने मुकादमाच्या मुलीएवढ्याच. त्यांनी पहिल्याच आठवड्यात पत्र्याच्या शेडमध्ये भिंतभर फळा लावला. सोमवारी सगळ्यांनी फळ्यासमोर जमायचं. गवंडी, प्लंबर, वायरमन, फरशीवाला, सुतार, सगळ्यांनी. आठवड्यात कुठलं काम पुरं करणार ते ज्याने त्याने आपल्या चिठ्ठीवर लिहायचं आणि चिकटवायचं. दुसऱ्याच्या वतीने कबूल करायचं नाही. जमणार नसेल तर सरळ नाही म्हणायचं. आपल्या मागून जो येणार तो आपलं गिऱ्हाईक, त्याच्या हातात काम असं द्यायचं की त्याला खोट काढावी लागू नये. शनिवारी दुपारी हिशेब. झालं तर चिठ्ठीवर हिरवी टिकली, नाही झालं तर लाल. लाल लागली की मॅडम विचारणार ‘का?’ उत्तर आलं की त्यालाही ‘का?’ असं पाच वेळा, तळ लागेपर्यंत. ‘कोणी?’ हा प्रश्न त्या शेडमध्ये बंद.

मुकादमाने आधी यथेच्छ टिंगल केली. म्हातारपणी शाळा भरली म्हणाला. उद्या अंगठे धरून उभं करतील म्हणाला. आणि जुन्या सवयीने पहिल्या सोमवारी सहाच्या सहा कामं बेधडक कबूल करून बसला. साहेबाला हो म्हणायचं आणि मग बघू, हाच आजवरचा रिवाज. शनिवारी सहापैकी चार लाल. तो मान खाली घालून उभा राहिला. एकोणचाळीस वर्षं शिव्या खाल्लेला माणूस, त्याला पुढचं पाठ होतं. पण मॅडमनी नुसतं विचारलं की आड काय आलं. वाळूची गाडी दुपारी येते, तोवर चार माणसं बसून असतात, असं तो चाचरत म्हणाला. पुढच्या आठवड्यात गाडी सकाळी सातला दारात. त्या दिवशी घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं, “मला आज कुणी बोललंच नाही.” बायकोला वाटलं काहीतरी बिनसलंय.

त्यानंतर मुकादम त्या फळ्याच्या प्रेमातच पडला म्हणा ना. आता तो मोजून मापून कबूल करायचा आणि बोललेलं करून दाखवायचा. हिरव्या टिकल्यांचे आठवडे लागोपाठ साठत गेले. पाच झाले, आठ झाले, अकरा झाले. बाहेरचे कंत्राटदार साइट बघायला येत, मॅडम त्यांना मुकादमाची ओळ दाखवत. तो जवळपासच काहीतरी काम काढून उभा असायचा, ऐकू न आल्यासारखं करून. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याचं नाव चांगल्यासाठी घेत होतं, आणि त्याची चटक लागायला किती वेळ लागतो?

त्या रांगेतल्या बाराव्या आठवड्यात त्याची चिठ्ठी होती तिसऱ्या मजल्याच्या बाथरूमची. फरशीच्या आधी जमिनीवर पाणी अडवणारा थर द्यायचा असतो. तो वाळला की दाराशी विटांचा बुटका बांध घालायचा, पाणी जायच्या भोकात बोळा कोंबायचा आणि घोटाभर पाणी भरून दोन दिवस तसंच ठेवायचं. पुरे अठ्ठेचाळीस तास. खालच्या छताला ओल आली नाही तर थर पास, मग फरशीवाल्याने यायचं. पाच बाथरूम वेळेत झाले. कोपऱ्यातल्या सहाव्याचा थर हवा दमट असल्यामुळे वाळलाच नाही. शुक्रवारी दुपारी दोनला कुठे त्यात पाणी भरता आलं. म्हणजे रविवारी दुपारपर्यंत ठेवायला हवं होतं, आणि हिशेब शनिवारी बाराला.

शनिवारी सकाळी आठला तो खाली जाऊन छत बघून आला. कोरडं ठणठणीत. वर येऊन पाण्याकडे बघत उभा राहिला. अठरा तास झाले होते. मग त्याने वाकून बोळा काढला. बाराला स्वतःच्या हाताने टिकली लावली आणि चिठ्ठीवर लिहिलं, दोन दिवस पाणी ठेवलं, छत कोरडं.

कुणी दटावलं नव्हतं. लाल लागली असती तर मॅडमनी विचारलं असतं ‘का?’, तो म्हणाला असता थर उशिरा वाळला, त्यांनी पुढच्या वेळी पंखा मागवला असता, संपलं. जिथे बोलणी बसायची अशा साइटवर तो उभ्या आयुष्यात खोटं लिहून आला नव्हता. आणि जिथे खरं बोलायला काडीचंही भय नव्हतं तिथे त्याने माती खाल्ली. हे त्याला नंतर राहून राहून डाचायचं. आंघोळ करताना डाचायचं, चपला घालताना डाचायचं. पण तेव्हा मात्र त्याने पुढची सगळी दुपार शिट्टी वाजवत काढली, हेही खरं आहे.

अडीच महिन्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या बाथरूममध्ये छताला ताटाएवढा ओला डाग पडला.

सोमवारी फळ्यासमोर मॅडमनी विषय घेतला. डाग का? वरून पाणी येतंय. पाणी का येतंय? बाथरूमच्या जमिनीतून. जमिनीतून का? इथे सगळे थांबले. मॅडमनी जुनी चिठ्ठी काढून वाचून दाखवली, दोन दिवस पाणी ठेवलं, छत कोरडं. म्हणजे थर चांगला. मग उरलं काय? पाइपचा जॉइंट. फरशीवाला हळूच म्हणाला की शेवटी पाणी मुरलं कुठे ते सापडलं, आणि दोन-चार जण हसले. ‘कोणी?’ विचारायला बंदी होती, पण विचारायची गरजच कुठे होती? त्या मजल्याचे जॉइंट जावयाने केले होते हे शेडमधल्या खांबालाही माहीत होतं.

जावई उठून म्हणाला की जॉइंट पक्का होता, त्याने दोनदा तपासला होता. तो पोरगा आधीच कमी बोलायचा, त्यात चारचौघांत बोलायचं म्हणजे कान लाल झालेले. त्याने एवढंच म्हटलं आणि वडिलांकडे बघितलं. व्याही चिठ्ठीकडे बघत होते. चिठ्ठी कुणाची? व्याहीबुवांची. ज्यांची ओळ सगळ्यांना दाखवतात त्यांची. तिच्यावर शंका घेणं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

“चूक झाली ती झाली,” ते मुलाला म्हणाले. “वर खोटं बोलू नकोस.”

मुकादम तेव्हा तीन हात अंतरावर उभा होता. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांत भागलं असतं. त्याने खिशातून पेन्सिल काढली, बघितली आणि परत ठेवली.

बरं, तेव्हा निदान एक आडोसा होता. जॉइंटच गळत असेल, कुणी सांगावं, असं तो स्वतःला समजावत होता. बुधवारी तोही गेला. फरशी उखडायला तो स्वतः उभा राहिला, हाताखालच्या एका माणसाशिवाय कुणाला वर येऊ दिलं नाही. मागच्या कोपऱ्यात, जमीन आणि भिंत मिळते तिथे, थराला वीतभर चीर गेली होती आणि तिच्यातून ओल खाली उतरली होती. जॉइंटच्या भोवतीचा माल मात्र कोरडा, पांढराफटक. मुकादम उकिडवा बसून बघत राहिला. त्याने त्या माणसाला चहा प्यायला पाठवलं आणि कोपऱ्याचा सगळा थर स्वतः छिन्नीने काढून टाकला. मग व्याह्यांना बोलावलं. त्यांनी जुना जॉइंट कापून काढला, नवीन बसवला. थर नव्याने दिला, पाणी भरलं, या वेळी दोन दिवसांच्या जागी तीन दिवस ठेवलं. डाग वाळला, वर रंगाचा हात मारला. सगळ्यांच्या दृष्टीने काम संपलं.

व्याह्यांनी मुलाला टोळीतून काढलं. काही दिवस बाहेर राहा, डोकं ठिकाणावर येऊ दे म्हणाले. त्याने एका गोदामात खोकी उचलायची नोकरी धरली आणि घरात वडिलांशी बोलणं टाकलं. एकाच छताखाली दोघे, आणि मधे मुकादमाची मुलगी टपालखातं होऊन बसली. बाबांना सांग जेवायला वाढलंय. त्याला सांग पंखा बंद कर. माहेरी आली की हसत हसत हे सगळं सांगायची, नकला करून दाखवायची, आणि सांगता सांगता एकदम गप्प व्हायची. तो वेगळी खोली बघतोय, असं एकदा तिने सांगितलं. साइटवर आता मुकादम व्याह्यांच्या डब्यातलं घ्यायचा नाही. पोट बरं नाही म्हणायचा. व्याही रोज आठवणीने विचारायचे की औषध घेतलं का. कितीदा त्याने मनाशी ठरवलं की आज सांगायचंच. फळीपर्यंत जायचा, समोर बसायचा आणि सिमेंट कधी येणार ते विचारून उठायचा.

दोन महिने असे गेले. मग एका शनिवारी मुलीचा फोन आला.

“अण्णा, उद्या या ना घरी. तो माफी मागायला तयार झालाय. कसाबसा तयार केलाय मी. तुम्ही समोर असलात की बाबा नरम राहतील, तुमचं ते ऐकतात.”

नाही म्हणायला त्याच्याकडे एकही कारण नव्हतं. होतं ते सांगता येत नव्हतं.

रविवारी सकाळी तो गेला. व्याह्यांच्या बैठकीच्या खोलीत चार खुर्च्या, एक टेबल, खिडकीखाली हत्यारांची पेटी. टेबलावर तो कापलेला जॉइंट ठेवलेला होता. व्याही तो घेऊन त्याच्याशेजारी बसले. दोन महिने उलटून पालटून बघतोय, म्हणाले. भिंग लावून बघितला, पाण्यात बुडवून बघितला. काही दिसत नाही. “पण असणारच ना कुठेतरी,” ते म्हणाले. “मलाच दिसत नाही. नजर गेली आता.” मुकादमाने जॉइंट हातात घेतला, दिव्याकडे धरून बघितल्यासारखं केलं आणि खाली ठेवला.

मुलगी चहा घेऊन आली. तिच्या मागून जावई आला आणि दाराशीच उभा राहिला. त्याच्या तळहातावर खोक्यांच्या दोऱ्यांनी पडलेले वळ होते. मुलीने मुकादमाकडे बघितलं, काहीतरी बोला ना अण्णा, अशा नजरेने. आणि मुकादम बोलला. काय बोलला? ऐका.

“चूक कबूल केल्याने कुणी लहान होत नाही, बाळा,” तो म्हणाला. “बोलून टाक. मोकळं वाटेल.”

जावयाने त्याच्याकडे क्षणभर बघितलं. मग वडिलांसमोर येऊन म्हणाला की बाबा, चुकलं माझं, जॉइंट सैलच राहिला असेल. शेवटचं वाक्य म्हणताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की मुलीने तोंड फिरवलं. व्याह्यांचे डोळे भरून आले. त्यांनी त्याला जवळ ओढलं, पाठीवरून हात फिरवला, झालं, संपलं, मी विसरलो म्हणाले. मग मुकादमाकडे वळून म्हणाले की तुमचे उपकार झाले व्याहीबुवा, घर मोडता मोडता वाचलं.

मुकादमाने चहा प्यायला. काय करणार, कप हातात होता.

त्या दिवशी घरी परतताना तो दोन थांबे आधीच उतरला आणि चालत गेला. मुलीचं घर सावरलं होतं. आता गप्प राहिलं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं, उलट बोललं तरच बिघडणार होतं. असा सोयीचा हिशेब त्याने रस्ताभर तीनदा मांडला आणि तीनदा त्याचीच त्याला किळस आली. त्या पोराचा बारीक झालेला आवाज कानातून जाईना.

सोमवारी फळ्यासमोर नेहमीसारखे सगळे जमले. चौथ्या मजल्याचे बाथरूम फरशीला आले होते. मॅडमनी एक मोठी चिठ्ठी काढली. एका चुकीतून शिकलेलं पुढच्या मजल्याला लागू करायचं, ही त्यांची पद्धत. चिठ्ठीवर होतं, सगळे जॉइंट उघडून पुन्हा तपासायचे. व्याह्यांच्या टोळीचा दीड आठवडा त्यात जाणार होता. थराचा, पाण्याचा, चिरेचा कुठे उल्लेख नव्हता. कसा असेल? थर तर पास झाला होता. मॅडमनी विचारलं, जमेल का. व्याही म्हणाले, जमवतो, चूक आमच्याच घरातली आहे.

“थांबा,” मुकादम म्हणाला.

तो फळ्यापाशी गेला. म्हणाला, तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यातल्या बाथरूममध्ये पाणी दोन दिवस नव्हतं. अठरा तास होतं. बोळा त्याने काढला, टिकली त्याने लावली. उखडलं तेव्हा चीर थरालाच होती, ती त्याने छिन्नीने काढून टाकली. जॉइंट कोरडा होता. पोराने काम चोख केलं होतं.

फरशीवाला आपल्या बुटांकडे बघायला लागला. मॅडमनी पुन्हा एकदा विचारून घेतलं, अठरा ना? तो हो म्हणाला. त्यांनी मोठी चिठ्ठी काढून घेतली, जुन्या चिठ्ठीवरचे दोन दिवस खोडून अठरा तास लिहिलं आणि हिरवी टिकली नखाने खरवडून काढली. चौथ्या मजल्यावर पाणी भरलं की वेळ दारावर लिहायची आणि सोडताना दोघांनी बघायचं, एवढं ठरलं. रागाचा एक शब्द त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर फार बरं झालं असतं, असं मुकादमाला वाटलं. बैठक संपली. माणसं एकेक करून कामाला गेली.

व्याही बाकावरून उठले नव्हते. मुकादम त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्यांनी विचारलं, “काल तो माझ्यासमोर येऊन चुकलं म्हणाला, तेव्हा तुम्ही तिथेच बसला होतात ना?”

“हो.”

“बोलून टाक, मोकळं वाटेल. असं तुम्हीच म्हणालात ना त्याला?”

मुकादमाने मान हलवली. मग घाईघाईने म्हणाला, “चला, आत्ता गोदामात जाऊ. मी सांगतो त्याला. त्याचे पाय धरतो.”

“तुम्ही सांगाल हो,” व्याही म्हणाले. ते उठले, पण दाराकडे गेले नाहीत. “तुमची चूक आहे, तुम्हाला सांगता येईल. मी काय सांगू? तो पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता आणि काल मी त्याला माफ केलं, मुकादम. माफ केलं मी त्याला.”